चुनखडीतली जुनी नाणी

  दगडाचं वय कसं काढतात, ते आज बघू या.

मातीची भिंत आपण वर्षानुवर्षं सारवतो. ती खरवडली की पापुद्रे निघतात. आतला पापुद्रा जुना, वरचा नवा. पण किती जुना? समजा, एका पापुद्र्यात जुनं नाणं चिकटलेलं मिळालं, तर त्या काळाचा अंदाज येतो. दुसऱ्या गावच्या भिंतीतही तसंच नाणं निघालं, तर दोन्ही पापुद्रे साधारण एकाच काळातले म्हणता येतात.

समुद्रात तयार झालेल्या चुनखडीतही अशी नाणी असतात. त्यांना फोरामिनिफेरा म्हणतात. हे एका पेशीचे जीव. स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतात. मेले की कवचं तळाच्या गाळात पडतात आणि त्या गाळाचा पुढे दगड होतो. यांतल्या तरंगणाऱ्या जाती दूरदूरच्या समुद्रांत पसरतात. जुन्या जाती संपतात, नव्या येतात. संपलेली जात पुन्हा येत नाही. म्हणून कोणती जात सापडली, यावरून थराचा काळ कळतो.

कवचं मिठाच्या कणाहूनही बारीक असू शकतात. मऊ दगड असेल तर तो भिजवून बारीक चाळणीतून धुतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याने एकेक कवच उचलतात, आपण तांदूळ निवडतो तसंच! दगड कडक असेल तर त्याची चकती कापून उजेड आरपार जाईल इतकी पातळ घासतात.

आता आपल्या शेजारचंच उदाहरण. नागपूर जिल्ह्याला लागून छिंदवाडा जिल्हा आहे. तिथे झिलमिली गावाजवळ काळ्या दगडाचे दोन थर आहेत. हा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा. हिंगणा, काटोलकडे तोच दिसतो. सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. झिलमिलीला या दोन थरांच्या मधल्या गाळात एका पातळ पट्टीत समुद्रातली कवचं सापडली. गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे त्यांत होते.

त्या कवचांच्या जाती 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या महासंहारानंतर लगेच आलेल्या होत्या. डायनोसॉर संपले तो हाच संहार. म्हणजे खालचा लाव्हा या पट्टीच्या आधीचा आणि वरचा नंतरचा. शिवाय समुद्राचं पाणी तेव्हा तिथवर आलं होतं, हेही कळलं.

आपल्या कन्हानचं पाणी वैनगंगेत जातं, तिथून प्राणहितेत, मग गोदावरीत, आणि आंध्रात राजमहेंद्रीवरून समुद्राला मिळतं. त्या राजमहेंद्रीच्या खाणींतही दोन लाव्हांच्या मध्ये चुनखडी आहे आणि तिच्यात त्याच काळातली कवचं. मध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर, तरी थरांचा मेळ बसला.

खुद्द नागपुरात मात्र वेगळी गोष्ट. मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1850 च्या सुमारास टाकळीला लाव्हांच्या मधल्या थरात गोगलगाईंचे शिंपले शोधले. त्या गोड्या पाण्यातल्या, धानाच्या बांधीत दिसतात तशाच. म्हणजे तिथे समुद्र नव्हता, तळं होतं.

एवढी खटपट कशासाठी? डायनोसॉर मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीने संपले, की आपल्या लाव्हाचाही त्यात हात होता, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. कोणता लाव्हा आधीचा, कोणता नंतरचा, हे कळल्याशिवाय तो सुटणार नाही. आणि त्याचा पुरावा आहे या हातभर जाडीच्या थरांत. ते खणून, फोडून, भरावात टाकले की क्रम मोडला. नाणं हाती उरतं, पण कोणत्या पापुद्र्यातलं ते कळत नाही.

म्हणून एक विनंती. विहीर खणताना किंवा रोजगार हमीच्या कामावर काळ्या दगडांच्या मध्ये पांढरट थर लागला, किंवा दगडात शिंपले दिसले, तर आधी फोटो काढा. किती हात खोल, वर काय, खाली काय, ते बचत गटाच्या वहीत लिहा. तुकडा ठेवलात तर त्यावर गावाचं नाव घाला. मग ग्रामपंचायतीमार्फत किंवा शाळेच्या गुरुजींमार्फत नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. उभ्या खड्ड्याच्या काठावर मात्र एकटीने उतरू नका.