दुसऱ्या नातवाचे नाव
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

 

मी काही वक्ता नाही. नववी नापास माणूस. सूतगिरणीत रिंग खात्यात तीस वर्षांवर उभा आहे. जे काही वाचलं ते याच विहारातल्या कपाटातलं, पाळी संपवून आल्यावर. समितीनं मला ‘धम्म आणि कुटुंब’ असा विषय दिला. विषय मोठा आणि माझं कुटुंब लहान. म्हणून घरातलीच एक गोष्ट सांगतो. गेल्या महिन्यात माझ्या मुलाला दुसरा मुलगा झाला आणि त्याच्या नावावरून आमच्या घरात पंधरा दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

पहिल्या नातवाचं नाव मी ठेवलं. राजरत्न. बाबासाहेबांचा हा धाकटा मुलगा १९२६ साली लहानपणीच गेला. ते नाव आपल्या घरात नांदावं, अशी माझी इच्छा. त्या वेळी मी मुलाला विचारलं नाही, सूनबाईला तर नाहीच नाही. इथंच विहारात आलो, त्रिशरण-पंचशील घेतलं, नाव पुकारलं, पेढे वाटले. झालं.

दुसऱ्याच्या वेळीही माझं नाव तयार होतं. राजरत्नाचा भाऊ भीमरत्न! मुलाला सांगितलं तर तो मान खाली घालून म्हणाला, “अण्णा, याला तरी असं नाव ठेवू, की ज्यावरून काही कळणार नाही.”

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “बापाची लाज वाटाय लागली व्हय रं? बाबासाहेबांची लाज वाटाय लागली?” तो काही बोलला नाही. रात्री त्याच्या आईजवळ बोलला. पुण्यात नोकरी लागल्यावर हे तिघं खोली बघायला गेले होते. खोली पसंत पडली, भाडं ठरलं. मालकानं लाडानं बाळाच्या गालाला हात लावून नाव विचारलं. सूनबाई म्हणाली, राजरत्न. मालक थोडा थांबला. मग म्हणाला, “छान. आडनाव काय म्हणालात?” दुसऱ्या दिवशी फोन आला की खोली भावाला लागणार आहे.

ही गोष्ट त्यानं मला तीन वर्षं सांगितली नव्हती. मला वाईट वाटेल म्हणून.

बंधूंनो, त्या रात्री माझी पाळी होती. मशिनीपुढे उभा राहिलो, हात तुटलेली तार सांधत होते आणि मन माझ्या बापापाशी गेलं. माझ्या बापाचं नाव कचरू. आजीची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. तिसरा जन्मला तेव्हा त्याला नेऊन उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत आजीच्या पदरात घातलं. म्हणजे मरणाला वाटावं, हे कचऱ्यातलं पोर, कुणाला नको असलेलं, ह्याला कशाला न्यायचं? म्हणून नाव कचरू. आजी अडाणी होती, पण त्या नावात तिचा जीव होता.

असली नावं सगळ्याच जातींत होती. दगडू, धोंडू, भिकू. पण फरक कुठं पडला बघा. वरच्या आळीचा धोंडू मोठा झाला की धोंडीराव व्हायचा. आमचा कचरू म्हातारा झाला तरी कचऱ्याच! मस्टरवर कचरू आणि मुकादमाच्या तोंडी कचऱ्या. आजीनं नाव मायेनं ठेवलं, गावानं ते हिणवायला वापरलं.

आणि मी? शाळेत वडिलांचं नाव विचारलं की मी हळू आवाजात सांगायचो. मास्तर म्हणायचे, मोठ्यानं सांग. पोरं हसायची. मुलाला मी लाज वाटते का म्हणून विचारलं, पण लाज मलाही वाटली होती. आजीनं पोराला मरणापासून लपवलं. माझा मुलगा आपल्या पोराला जातीपासून लपवायला बघतोय. दोघांच्या पोटात मायाच आहे. हे कळलं आणि माझा राग गेला.

भन्तेजींनी वर्षावासात नामसिद्धि जातकाची कथा सांगितली होती. तक्षशिलेत पापक नावाचा एक शिष्य होता. त्याला आपलं नाव अभद्र वाटायचं. गुरू म्हणाले, जा, चांगलं नाव शोधून आण. तो निघाला. वाटेत एक प्रेत दिसलं, मेलेल्याचं नाव होतं जीवक. एका दासीला पैसे आणले नाहीत म्हणून मार बसत होता, तिचं नाव धनपाली. रानात एक जण वाट चुकला होता, त्याचं नाव पंथक. पापक परत आला आणि आपल्याच नावावर समाधानी झाला. नाव ही माणूस ओळखायची खूण आहे, तेवढंच.

कथा खरी आहे. पण मी नम्रपणे म्हणेन, आपल्यापुरती ती अर्धी आहे. नाव नुसती खूण असती, तर एका विद्यापीठाच्या पाटीसाठी जवळपास सोळा वर्षं का लागली? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधे वस्त्या जळाल्या. १९७८ साली पोचिराम कांबळे मारले गेले, १९९३ साली गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. नावाला किंमत नाही असं आपण म्हणू शकत नाही. आपण ती मोजली आहे.

आणि लपून तरी किती दिवस भागणार? नाव लपवलं तर आडनाव विचारतात. आडनाव लपवलं तर गाव विचारतात. गाव सांगितलं तर कुठली गल्ली? तेही जमलं तर घरात येऊन भिंतीवरचा फोटो बघतात. मग फोटो पण उतरवायचा का?

असं आम्हा बापलेकांचं चाललं असताना आतून सूनबाई म्हणाली, “मामा, मला कुणी विचारणार आहे का? नऊ महिने पोटात मी वागवलं.” आम्ही दोघं गप्प. हिंदू कोड बिलावर मी चार ठिकाणी भाषणं केलीत आणि घरात बाळाच्या आईला विचारलं नव्हतं!

ती म्हणाली, सुनीत.

थेरगाथेतला सुनीत थेर. हलक्या मानलेल्या कुळातला, पोटभर अन्न नाही, सुकलेली फुलं आणि कचरा उचलायचं काम. भगवंत भिक्खुसंघासह नगरात येताना दिसले. त्यानं खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि वंदन केलं. ज्याला जन्मभर ‘बाजूला हो’ म्हटलं, त्याला भगवंत ‘ये’ म्हणाले. तीच त्याची उपसंपदा. पुढे तो अर्हत झाला. हे सगळं तिनं इथंच, महिला मंडळाबरोबर बसून ऐकलेलं. आम्ही पुढच्या रांगेत बसून ऐकलं आणि विसरलो.

मुलगा म्हणाला, नाव छान आहे, नवीन वाटतं. त्याला आवडलं, कारण त्यावरून कुणाला काही कळत नाही. मला आवडलं, कारण ज्याला कळायला पाहिजे त्याला सगळं कळतं. आणि मनात आलं, पणजोबाचं नाव कचरू आणि पणतूचं नाव कचरा उचलणाऱ्या थेराचं. माझ्या बापाचं नाव मी आज तुमच्यासमोर मोठ्यानं घेतलं, ते या पोरामुळं.

जाता जाता तीन गोष्टी सांगतो. एक, अजून आपल्यातले काही जण बाळाची पत्रिका काढून अक्षर विचारून येतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांना हे शोभत नाही. दोन, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहितात. कागदावर आई आली, तेव्हा नाव ठरवताना तिला आधी विचारा. तीन, जन्मनोंदीत बाळाचं नाव वर्षाच्या आत घाला, म्हणजे दंड नाही आणि शाळेच्या वेळी हेलपाटे नाहीत.

आणि नाव कुठलंही ठेवा, त्यामागची गोष्ट पोराला सांगा. उद्या माझ्या सुनीतला कुणी विचारलं, हे कुणाचं नाव? तर त्यानं मोठ्यानं सांगावं. मास्तरांनी ‘मोठ्यानं सांग’ म्हणायची वेळ येऊ नये.

काही चुकलं असेल तर पदरात घ्या. एवढं बोलून माझे चार शब्द संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!