पाण्याचा ताळेबंद

पर्जन्यमापन या भूमीला नवे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस द्रोण या मापाने मोजून पेरणी ठरविण्याचा विचार आढळतो.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये जलसाठ्यांची पहिली देशव्यापी गणना प्रसिद्ध केली. त्यात तळी, तलाव, बंधारे मिळून २४,२४,५४० जलसाठे नोंदले गेले. १६.३ टक्के वापराविना पडलेले, तर ३८,४९६ अतिक्रमणाच्या विळख्यात!

परंतु आकडे दप्तरात राहिले, तर विहिरी भरत नाहीत. हिवरे बाजारची ग्रामसभा पाऊस व भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यानुसार पिके ठरविते. शासनाने मोजावे, समाजाने राखावे. आपल्या गावचे तळे त्या गणनेत कोणत्या रकान्यात आहे, याचा शोध प्रत्येकाने घ्यावा.