बेचा पाढा येतो, ‘पाणी’ येत नाही



सकाळपासून चार-पाच जणांनी विचारलं, ‘स्पीच थेरपिस्ट म्हणजे तू नेमकं करतेस काय?’ वर्गातली माझी बडबड आठवून काहींना हे काम मला शोभतं असंही वाटलं. खरं तर त्यात बोलणं कमी आणि थांबणं जास्त.

लहान मुलांचं आधी सांगते. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर आपल्याकडे वेखंड चाटवतात, नाहीतर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ म्हणून वाट पाहतात. आधी कान तपासा. ऐकूच येत नसेल, तर ते बोलणार कसं? मात्र ‘रवी’ला ‘लवी’ म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या नातवाला माझ्याकडे आणू नका. ‘र’ उशिराच येतो.

आता मोठ्यांचं. गुलमंडीजवळ किराणा दुकान असलेले एक काका पक्षाघातानंतर माझ्याकडे आले. समोर तांब्या होता, पण ‘पाणी’ म्हणता येईना. मी ‘बे एके बे’ म्हटलं आणि त्यांनी थेट ‘बे दाही वीस’पर्यंत पाढा म्हणून टाकला. आरतीही म्हटली. घरच्यांना रागच आला: ‘म्हणजे हे मुद्दाम बोलत नाहीत!’ काकांचे डोळे भरून आले.

यात मुद्दाम काही नसतं. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झाली की बोलणं जातं, हे पॅरिसच्या ब्रोका यांनी 1860च्या दशकातच दाखवलं होतं. समजतं, शब्द मात्र जुळत नाहीत. घोकलेले पाढे, आरत्या आणि (गुरुजन क्षमा करा) शिव्यासुद्धा पुष्कळदा शाबूत राहतात. बोस्टनच्या तज्ज्ञांनी 1973 मध्ये चालीवरून बोलण्याकडे नेणारी उपचारपद्धत मांडली. आम्ही तीच धरली. डाव्या हाताने ठेका, ‘पा-णी द्या’ सुरात, मग हळूहळू सूर काढून घ्यायचा.

काकूंना एकच बंधन घातलं: त्यांच्या तोंडचा शब्द आपण म्हणायचा नाही, मनात दहापर्यंत मोजायचं. त्यांना तेच सगळ्यात जड गेलं.

आणि हो, कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर माझ्याकडे नाही, तडक घाटीत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

काका आता पुन्हा दुकानात बसतात. हिशेब मुलगा पाहतो. गिऱ्हाईक जरा थांबलं, तर काका ‘शेंगदाणे’ म्हणतात. घाई केली, तर बोटाने दाखवतात.