दगडी भिंत आणि बुडालेली बँक

परवा भांडुपहून स्लो लोकल पकडली, सीएसएमटीला उतरले आणि चालत हॉर्निमन सर्कल गाठलं. बागेभोवती गोल वळलेल्या दगडी इमारती, सगळ्यांचा तोंडावळा एकसारखा. खाली कमानींची ओळ, त्यामुळे पावसातही माणूस कोरडा चालतो. १८६०च्या दशकात कापसाच्या पैशावर फुगलेल्या मुंबईचं हे बांधकाम.

त्या पैशाची गोष्ट ऐका. १८४० साली इथे बँक ऑफ बॉम्बे सुरू झाली. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आपल्याकडचे भाव भडकले. बँकेने शेअर तारण घेऊन भरमसाट कर्जं वाटली. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, तारणाची रद्दी झाली. १८६८ला बँक गुंडाळली! त्याच नावाने नवी उभी राहिली; १९२१ला ती इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ला स्टेट बँक झाली. स्टेट बँकेची मुंबई मुख्य शाखा आजही याच परिसरात आहे.

हे का सांगतेय? काही वर्षांपूर्वी आईची एफडी एका छोट्या बँकेत अडकली. "अगं, केवढी चकाचक शाखा होती!" ती सारखी म्हणायची.

दगड असो की काच, दर्शनी भाग विश्वास बसावा म्हणूनच बांधतात. खरी बँक कर्जाच्या वहीत असते. म्हणून लक्षात ठेवा, एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमा असतो. आज घरी हे नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!