औषध सोडू नका, मात्रा जाणा

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





या व्यासपीठावरून विद्वान वक्ते धम्माच्या गहन अंगांवर बोलतात. मी बँकेतला एक कारकून, डॉक्टर नव्हे. पण माझा धाकटा भाऊ गेली अनेक वर्षे बायपोलर डिसऑर्डर या मनोविकारावर औषध घेत आहे. त्या औषधाने वाढणाऱ्या वजनाचा प्रश्न आमच्या घराने जवळून पाहिला आहे. त्याच्या संमतीनेच मी आज बोलतो आहे. तोच म्हणाला, "दादा, बोल. ऐकणाऱ्यांत माझ्यासारखा कोणीतरी असेलच."

विषय कोणास किरकोळ वाटेल. वजन काय, कोणाचेही वाढते! परंतु बंधू-भगिनींनो, या वजनापायी माणसे औषध सोडतात. औषध सोडले की आजार उलटतो. उलटलेला आजार शिक्षण, नोकरी, संसार आणि प्रसंगी जीवसुद्धा घेऊन जातो. म्हणून हा विषय आरशातल्या रूपापुरता राहत नाही.

प्रथम आजाराविषयी दोन शब्द. बायपोलर म्हणजे दोन टोकांचा आजार. एका टोकाला उन्माद : झोप नको, बोलणे थांबत नाही, पैसा उधळला जातो, आपण काहीही करू शकतो असे वाटते. दुसऱ्या टोकाला खोल खिन्नता : अंथरुणातून उठवत नाही, जगणे नकोसे होते. हा आजार बाहेरची बाधा नव्हे, मागच्या जन्मीचे पाप नव्हे आणि मनाचा दुबळेपणाही नव्हे. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी लिथियम या क्षाराचा उन्मादावर गुण येतो हे दाखवून दिले. पुढे व्हॅल्प्रोएट, ओलान्झापिन, क्वेटियापिन, रिस्पेरिडोन अशी औषधे आली. या औषधांमुळे लाखो माणसे आज संसार करीत आहेत, नोकरी करीत आहेत.

पण औषधाला किंमत मोजावी लागते. या औषधांपैकी ओलान्झापिनने वजन पुष्कळ वाढते. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, व्हॅल्प्रोएट आणि लिथियम यांनीही अनेकांचे वाढते. अॅरिपिप्राझोल, लॅमोट्रिजिन यांनी सहसा फारसे वाढत नाही. असे का होते? यातील काही औषधे मेंदूतील भूक आणि तृप्ती सांभाळणाऱ्या ठिकाणांवर परिणाम करतात. पोट भरले तरी "आता पुरे" हा निरोप नीट पोहोचत नाही. शिवाय गुंगी येते, हालचाल कमी होते. लिथियमने तहान फार लागते आणि ती तहान सरबतावर किंवा थंड पेयावर भागवली तर साखर पोटात जाते. लिथियमने काहींची थायरॉइड ग्रंथी मंदावते, त्यानेही वजन वाढते. ती रक्त तपासून कळते आणि तिच्यावर औषध आहे.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. वजन वाढले यात रुग्णाचा खादाडपणा शोधू नका. ती भूक औषधाने जागवलेली असते.

माझ्या भावाचे वजन औषध सुरू झाले तेव्हा ५८ किलो होते. दहा महिन्यांत ते ७४ वर गेले. लग्नसमारंभात, नाक्यावर, अगदी आपल्या जयंतीच्या कार्यक्रमातसुद्धा लोक म्हणायचे, "काय रे, चांगलाच सुटलास! घरचं मानवलेलं दिसतंय." बोलणाऱ्याच्या मनात काही नसे. पण एके दिवशी आईला त्याच्या शर्टाच्या खिशात चार दिवसांच्या गोळ्या सापडल्या. तो शांतपणे म्हणाला, "आई, वेडा म्हटलेलं चालेल, पण हे अंग नको." तेवढ्यावर वेळीच डॉक्टरांकडे गेलो म्हणून पुढचे टळले. सर्वांच्या बाबतीत ते टळत नाही. लिथियम एकाएकी बंद केले तर उन्माद उसळून येण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिलेले आहे.

मग करायचे काय? याचे उत्तर शोधताना मला संयुत्त निकायातील कोसल देशाच्या राजा प्रसेनजिताची कथा आठवते. राजा द्रोणभर तांदळाचा भात खाई. असाच एकदा भरपेट जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, उपवासाची शिक्षाही दिली नाही. भोजनात मात्रा जाणणाऱ्याच्या वेदना कमी होतात, अशा अर्थाची एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणण्याचे काम दिले. राजाचा आहार हळूहळू कमी होत गेला आणि शेवटी तो नाळीभर भातावर आला. त्याचे शरीर हलके झाले.

या छोट्या कथेत तीन गोष्टी आहेत. एक, राजाला कोणी अपमानित केले नाही. दोन, आहार एकदम तोडला नाही, क्रमाक्रमाने उतरवला. तीन, राजा एकटा नव्हता. आठवण देणारा माणूस त्याच्या ताटाजवळ होता. आजचे शास्त्रही याच वाटेने जाते. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात गंभीर मनोविकार असलेल्या २९१ जणांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या लोकांना गटाने बसवून मार्गदर्शन केले आणि त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला. नियम साधे होते : गोड पेये नकोत, भाज्या-फळे वाढवा, वाढून घेताना कमी घ्या, रोज हालचाल करा. १८ महिन्यांनी या गटाचे वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ३.२ किलोने अधिक उतरले होते. आकडा छोटा वाटेल, पण औषध चालू ठेवून तो साधला आहे.

आता व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. आम्हा बँकवाल्यांना नोंदीशिवाय चैन पडत नाही, म्हणून वहीपासून सुरुवात करतो.

औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि रक्तातील चरबी यांची नोंद करून घ्या. अमेरिकेतील मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ साली ओलान्झापिनच्या वर्गातील औषधांसाठी असे सुचवले की, वजन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याला पाहावे, पुढे दर तीन महिन्यांनी. घरी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी काही खाण्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करावे. मूळ वजनाच्या ५ टक्के वाढ झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांशी बोलावे. सुरुवातीच्या महिन्यांतच वजन झपाट्याने चढते आणि चढलेले उतरवणे अवघड असते. आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली तर मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढल्याचे मानतात.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा : कमी वजन वाढवणारे दुसरे औषध मला चालेल का? मात्रा कमी करता येईल का? मधुमेहावरील मेटफॉर्मिन ही गोळी काही रुग्णांना वजनासाठी देतात, ती मला योग्य आहे का? हे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे. पण बदल डॉक्टरांनीच करायचा. शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही.

आहारात प्रथम चहाकडे पाहा. कपात दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच कप घेतले तर ५० ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना २५ ग्रॅमच्या आत राहणे उत्तम मानते. साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ सवय करून घेते. तहानेला पाणी किंवा पातळ ताक. महिन्याला घरात किती तेल येते त्याला माणसांच्या संख्येने भागून पाहा, आकडा बघून गृहिणीच चकित होईल. ताटात आधी भाजी, उसळ, डाळ वाढा आणि भात-भाकरी नंतर. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी वडापाव आणि फरसाणाऐवजी फुटाणे, उकडलेले अंडे किंवा मोड आलेली मटकी जवळ ठेवावी. रात्रीच्या गोळीनंतर भूक उसळते, तेव्हा हाताशी काकडी, गाजर असावे; बिस्किटांचा डबा दृष्टीआड असावा.

चालणे आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मात्र त्यासाठी झोप मोडू नका. या आजारात झोप तुटली की उन्मादाला वाट मिळते. पहाटे चारला उठून धावण्यापेक्षा संध्याकाळी एक थांबा आधी उतरून घरी चालत येणे बरे.

आता धोक्याच्या सूचना. लिथियम घेणाऱ्याने वजन कमी करण्यासाठी मीठ एकदम बंद करू नये, पाणी तोडू नये, कडक उपवास करू नये. शरीरातले मीठ-पाणी घटले की रक्तातील लिथियम वाढते. जुलाब, उलट्या, फार घाम यांनीही तेच होते. हात जोराने थरथरणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे असे दिसले तर तातडीने डॉक्टर गाठावा. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळीही विचारल्याशिवाय घेऊ नये. वजन घटवण्याच्या पावडरी आणि गोळ्या यांपासून दूर राहा. त्यांतील उत्तेजक द्रव्ये उन्माद चेतवू शकतात.

वर्षावासात आपल्या उपासिका अष्टशील घेतात, मध्यान्हानंतर जेवत नाहीत. औषध घेणाऱ्यांनी तसे करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. यात शीलभंगाची भीती बाळगू नये. शरद ऋतूतील आजाराने भिक्खू खंगले तेव्हा भगवंतांनीच त्यांना तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ ही पाच औषधे अवेळीसुद्धा घेण्याची मुभा दिली, असे विनयपिटकात नमूद आहे. आजाऱ्याला नियमाने छळणारा हा धम्म नाही.

त्याच विनयपिटकात, ज्याची शुश्रूषा करणे सोपे जाते अशा रुग्णाची पाच लक्षणे आहेत : हितकर तेच करतो, हितकर गोष्टीचीही मात्रा जाणतो, औषध घेतो, आजार जसा आहे तसा सांगतो आणि दुखणे सोसतो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी कोणत्याही दवाखान्यात लावण्याजोगी आहे. यातील चौथे लक्षण मला मोलाचे वाटते. "औषधाने मी जाड होतो आहे, मला ते सोडावेसे वाटते," हे मोकळेपणाने सांगणारा रुग्ण वाचतो. पण त्याने सांगावे अशी आपली वागणूक आहे का? मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला भगवंतांनी स्वतः आनंदासह धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. आपल्याकडून तर फक्त जीभ आवरण्याची अपेक्षा आहे. परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेह होता. औषधपाणी आणि पथ्य सांभाळूनच त्यांनी अखेरपर्यंत आपल्यासाठी लेखणी चालवली. औषध घेण्यात कमीपणा कसला?

माझा भाऊ आज ६७ किलोचा आहे. दोन वर्षे लागली. ५८ वर तो परत गेला नाही, कदाचित जाणारही नाही. डॉक्टरांनी औषध बदलले, आईने सगळ्या घराचेच तेल-साखर कमी केले, वहिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, त्याच्याबरोबर चालायला सुरुवात केली. या काळात आजार उलटला नाही. आमच्या घराच्या हिशेबात हीच मोठी जमा आहे.

शेवटी कार्यकारिणीला तीन विनंत्या. विहारात एक वजनकाटा, एक मोजपट्टी आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवावे; रविवारी वंदनेनंतर ज्याला हवे त्याने मोजून घ्यावे. कार्यक्रमात बिनसाखरेच्या चहाची वेगळी किटली असावी आणि भोजनदानात "अहो, एवढे तरी घ्याच" हा आग्रह नसावा. तिसरी विनंती, फलकावर १४४१६ हा क्रमांक लिहावा. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. औषध सोडावेसे वाटेल त्या रात्री निदान तिथे तरी बोलता येईल.

राजा प्रसेनजिताजवळ एक सुदर्शन होता. आपल्या वस्तीतल्या प्रत्येक रुग्णाजवळ असा एक सुदर्शन उभा राहावा : न हिणवणारा, न कंटाळणारा, रोज आठवण देणारा. तरुण मित्रांनो, हे काम तुमचे आहे.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम, जय भारत!