कप्प्याचं कुलूप

मोटारीत पुढच्या डाव्या आसनासमोर झाकणाचा एक कप्पा असतो. त्याला ग्लोव्ह बॉक्स म्हणतात, म्हणजे हातमोज्यांची पेटी. मोटारींना छप्पर नसायचं आणि थंडीवाऱ्यात हातमोजे घालून गाडी हाकावी लागायची, त्या काळातलं हे नाव. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात या कप्प्यात हातमोजे ठेवलेले मी तरी पाहिले नाहीत. आरसी बुक, विम्याचा कागद, पीयूसी, शेगावचा प्रसाद, सुपारीची पुडी असा त्यातला ऐवज. २०१८ पासून गाडीचे कागद मोबाइलमध्ये दाखवले तरी चालतात. पण जुन्या माणसाला कागद हाताला लागल्याशिवाय चैन पडत नाही.

खामगावच्या माझ्या एका मित्रानं एक जुनी गाडी विकत घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची. इंजिन ठीक, टायर ठीक, पण हा कप्पा बंद. गाडीच्या चावीनं तो उघडेना. आधीच्या मालकानं कधीतरी कप्प्याचं कुलूप बदललेलं असावं, आणि ते मालक आता हयात नव्हते. मित्र म्हणाला, पेचकस घालतो आणि उचकटतो. मी त्याला थांबवलं. झाकण एकदा तडकलं की जन्मभर दोरीनं बांधावं लागतं. आम्ही बाजारात रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चावीवाल्या सरदारजींना बोलावून आणलं.

त्यांनी कुलपाकडे पाहिलंच नाही. आधी विचारलं, "भाऊ, गाडी कोनाची हाय?" मित्र म्हणाला, माझीच. "मंग चालू करून दाखवा." गाडी चालू झाली. नंतर त्यांनी आरसी मागून घेतलं, नाव वाचलं, आणि मगच पेटी उघडली. मित्राला ते थोडं लागलं. मला मात्र बरं वाटलं.

मोटारीच्या कप्प्याचं कुलूप तसं साधं असतं. एक फिरणारा गाभा, आणि त्यात आडव्या बसवलेल्या पितळेच्या चार-पाच पातळ पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या पोटात चौकोनी खिडकी, कुणाची वर, कुणाची खाली, आणि बाजूला केसाएवढी स्प्रिंग. चावी नसते तेव्हा या पट्ट्या गाभ्याबाहेर डोकं काढून भोवतालच्या खाचेत अडकतात आणि गाभा फिरत नाही. योग्य चावी आत गेली की तिचे दाते प्रत्येक पट्टीला बरोबर हवं तेवढं ओढून घेतात, सगळ्या एका पातळीत येतात आणि गाभा वळतो. एक जरी पट्टी रुसली, तरी सगळं अडतं.

सरदारजींनी एक कोरी चावी मेणबत्तीवर धरून काळी केली, कुलपात घातली आणि जोर देऊन वळवायचा प्रयत्न केला. बाहेर काढली तेव्हा काजळीवर बारीक ओरखडे उमटले होते. पट्ट्या जिथे अडत होत्या, तिथे त्यांनी सही करून दिली होती म्हणा. त्या जागी कानस फिरवायची, पुन्हा काजळी, पुन्हा ओरखडे. पाऊण तास हेच चाललं. मग खट् असा आवाज आला.

आणि इथे त्यांनी जे केलं, त्यासाठीच मी हे सगळं सांगतो आहे. झाकण उघडायच्या आधी ते उठले, गाडीकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "आता तुमी उघडा." आत जुना विमा होता, वाळलेल्या खोबऱ्याचे तुकडे होते, आणि आधीच्या मालकाचा चष्मा होता. चष्मा मित्रानं दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी पोचवला. पण आत काय होतं हे सरदारजींनी पाहिलंही नाही, विचारलंही नाही.

पुढचं काम त्यांना सोपं. आतल्या बाजूनं कुलूप सुटं केलं, बारीक भोकातून अडणी दाबून गाभा बाहेर ओढला. गाडीची चावी त्याच्या फटीत शिरत होती म्हणून निभावलं, नाहीतर कुलूपच नवं घ्यावं लागलं असतं. चावी घालून पाहिली तर दोन पट्ट्या बाहेर डोकावत होत्या. त्यांची अदलाबदल केली, एक बसली. दुसरी बसेना, तेव्हा तिचं डोकं कानशीनं सपाट केलं. तेही त्यांनी सांगून केलं: "एक घासली तं चालते. समद्या घासल्या, तं कोनाचीबी चाबी लागंल."

रस्त्यावरचे असे बरेचसे कारागीर शिकलगार समाजाचे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि झळाळी देणारा. मूळ अरबी शब्द सैकल. उर्दू शायरीत मनाचा आरसा घासून लख्ख करायला हाच शब्द येतो. तलवारी गेल्या, कानस हातात राहिली. शब्दांचंही असंच आहे. आपलं कुलूप अरबी 'कुफ्ल'वरून आलं, चावी पोर्तुगीजांकडून आली, आणि दोघांचा संसार मराठीत सुखानं चालला आहे.

घरात चोरी झाली की पहिला संशय मात्र चावीवाल्यावर जातो. हा वाद जुना आहे. लंडनमध्ये ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप सहा दशकं ठेवलेलं होतं, उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी असं लिहून. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिरानं सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास खपून ते उघडलं. तेव्हा लोक म्हणाले, अशी विद्या चोरांच्या हाती लागेल. माझं मत हॉब्सच्या बाजूनं आहे. चोराला पाऊण तास कानस घासत बसायला वेळ नसतो. तो पेचकस घालतो.

नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते, ती यंत्राला जोडून ओळखवावी लागते. ते काम शोरूममध्ये होतं, किंवा तसं यंत्र असलेल्या दुकानात. रस्त्याकडेच्या कानशीकडे उरले ते कप्पे, कपाटं, ट्रंका आणि जुन्या गाड्या.

जाता जाता सरदारजींनी एक सांगितलं. कुलूप जड झालं की त्यात तेल ओतू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ त्यावर बसून चिखल होतो. शिसपेन्सिल चावीच्या दात्यांवर घासायची आणि चावी चार वेळा आतबाहेर करायची. मी घरच्या लोखंडी कपाटावर करून पाहिलं. चालतं.