पोटामागची जागा



संघटनेचा माणूस मजुरी-बोनस सोडून पोटाच्या आतले काय सांगणार, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. शाळाही अर्धीच झाली. पण नगर-संगमनेरच्या विडी कामगार भगिनींत आमचे आयुष्य गेले, आणि हा विषय आम्ही त्यांच्याच दुखण्यातून शिकलो.

आतडी एका पातळ पडद्याच्या पिशवीत असतात. तिच्या मागे, पाठीच्या बाजूला, जी जागा आहे तीत मूत्रपिंडे, स्वादुपिंड, मोठ्या रक्तवाहिन्या आणि कण्याच्या दोन्ही अंगांस एकेक जाड स्नायू. हा स्नायू कमरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला मिळतो. मांडी उचलतो तो हाच. मणक्याला क्षय झाला की पू या स्नायूच्या आवरणातून, पाटातल्या पाण्यासारखा, खाली उतरतो. रोग कमरेत, गाठ जांघेत! गाठ लाल नाही, गरम नाही. लोक तिला अंतर्गळ समजतात. कण्याचा हा रोग लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने 1779 साली वर्णिला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने दाखविला तो 1882 साली.

आमची एक भगिनी सूप मांडीवर घेऊन वर्षानुवर्षे विड्या वळीत होती. पाठ दुखते म्हणाली. आम्हीच म्हटले, "बाई, दिवसभर वाकून बसल्यावर पाठ दुखायचीच." मजुरीच्या वाटाघाटी चालल्या होत्या; ऐकायला सवड कोणाला? पुढे पाय सरळ होईना, संध्याकाळी कणकण येई, अंग उतरले. जांघेत गाठ दिसली तेव्हा वर्ष उलटले होते. सुईने पू काढून तपासला, तो क्षय निघाला. औषधे दीड वर्ष चालली. ती बरी झाली. कणा वाकला तो मात्र वाकलाच.

विडीमुळेच कण्याला क्षय होतो, असे आमचे म्हणणे नाही. धंद्याच्या दुखण्याआड हे दुखणे लपले, आणि लपविण्यात आमचाही हात होता, एवढेच.

क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आहारासाठी 2018 पासून महिना 500 रुपये मिळत. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. बुडालेली मजुरी तेवढ्यात भरून येत नाही, हे आम्ही सरकारला सांगत राहणारच.

हल्ली विड्या मोजून घेईपर्यंत भगिनी बसलेल्या असतात, तेव्हा आम्ही विचारतो : रात्री दुखण्याने जाग येते का? कणकण येते का? पाय सरळ होतो का? "भाऊ, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" म्हणून त्या हसतात. परवा एकीने हसता हसता पाय लांब करून पाहिला.